गुण आला?

गुरुवारी माझं दुकान बंद असतं.
म्हणून कुडाळहून वेंगुर्ल्याला गेलो,
बंदराच्या उतारावर नाबरांचं औषधालय जपून ठेवलंय म्हणतात.
सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्याचं बंद दुकान बघायला.

तिकीट वीस रुपये. चपला बाहेर.
चपला बाहेर, हे आवडलं.

शिसवी खण, एकशे बारा,
वरची नावं मोडीत, खाली नगरपरिषदेचं बाळबोध:
वावडिंग. मुरुडशेंग. काकडशिंगी.
ही नावं मी एकदा पाठ केली होती, परीक्षेपुरती,
आणि पास होताच परत करून टाकली.

तराजूच्या पारड्यात पाच गुंजा.
तेव्हा वजनं कुंपणावर उगवायची.

एक निळी बाटली, अंगावर उभे कंगोरे:
विष.
दिवा विझला तरी बोटांना कळावं
म्हणून काचेलाच बरगड्या काढलेल्या.
तिच्यापाशी मी फार वेळ थांबलो.
माझ्याकडे पाकिटावर नुसती लाल रेघ असते.
तिच्याकडे कोणी बघत नाही.
गर्दीच्या वेळी मीसुद्धा.

शेवंती केळुसकर, राखणदार,
स्टुलावर बसून तांदूळ निवडत होती.
"खणांत मूळचा माल आहे?"
"खंयचो मूळचो? मूळचो किडीन खाल्ल्यान.
ह्यो मी भरतंय. दर दिवाळीक."

मग काचेखालची वही.
एकाच पानावर कायमची उघडी, एकतीस सालचा आश्विन.
नाव, गाव, दुखणं, औषध, देणं.

*काशी, उभादांडा. पोर रात्री रडतं. बाळंतशोपा. एक नारळ.*
*इनास, गलबतावरचा. खरूज. गंधक मलम. पुढच्या फेरीला देईन म्हणतो.*
*नाव सांगत नाही. झोप नाही.*
पुढे औषध लिहून खोडलेलं, आणि *पैसे घेतले नाहीत.*

आणि अगदी कडेला, लाल शाईनं नंतर आखलेला,
म्हणून जरा तिरका गेलेला एक रकाना:
*गुण आला?*

माझ्या संगणकात सतरा रकाने आहेत.
बॅच, मुदत, सूट, कर, कराचा कर.
हा नाही.

दोन ओळींत *होय*. एका ओळीत *थोडा*.
एकीत *नाही*, आणि त्यावर ओघळलेला डाग.
पाण्याचाच असेल, इथे भिंतीसुद्धा घामेजतात.
बाकी सगळं पान कोरं.

"एवढं कोरं का?"
तिनं एक खडा टिपला, खिडकीबाहेर टाकला.
"बरो झालेलो माणूस परत कित्याक येतलो?"
मूठभर तांदूळ पुढे सरकले.
"मेलेलो पण येणा नाय."

मला तेवढ्यात खोकला आला,
तीन आठवडे मुरलेला, माझ्याच दुकानातली
दोन सिरपं पिऊन न गेलेला.
ती उठली.
'वस्तूंना हात लावू नये' या पाटीखालचा
चौतिसावा खण ओढला,
ज्येष्ठमधाच्या चार कांड्या काढल्या
आणि संग्रहालयाच्या माहितीपत्रकाची पुडी बांधली:
दोरा नाही, गोंद नाही,
एक कोपरा दुसऱ्याच्या पोटात.
मी म्हटलं, परत करून दाखवा. तिनं दाखवली.
तिसऱ्यांदाही मला जमली नाही.
अठरा वर्षं औषधं विकतोय मी.

"किती द्यायचे?"
"तिकीट काढलंस मां?"

मठच्या चढावर लक्षात आलं, खोकला नाही.
बराच वेळ नव्हता बहुतेक.
एकदा वाटलं गाडी वळवावी, एवढंच सांगायला.
पण साडेपाच होऊन गेले होते,
ती कुलूप लावून घरी तांदूळ शिजवत असणार,
आणि शुक्रवारी आठलाच घाऊकवाल्याचा टेम्पो येतो.

दुसरा गिअर टाकला.
पुडी खिशात होती.
अजून उलगडलेली नाही, घडी मोडेल म्हणून.